गेमचं संगीत ‘नुसतं टुंगटुंग’ नाही

पालकांच्या आणि संगीत शिक्षकांच्या ग्रुपांवर मराठवाडाभर एक मजकूर फिरतोय: गेममधलं संगीत हे संगीतच नव्हे, ते कॉम्प्युटर वाजवतो, अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरत राहतो, खेळणारेसुद्धा तो बंद करतात, आणि हार्मोनियम-तबला शिकणाऱ्या लेकरांना त्याचा काही उपयोग नाही.

पहिला मुद्दा कॉम्प्युटरचा. वाजवतो कॉम्प्युटर, पण रचतो माणूस. नव्वदच्या दशकात नांदेड-परभणीत टीव्हीला जोडून जे कॅसेटवाले गेम खेळले गेले, त्यांतले बहुतेक फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राच्या नकला होत्या. फॅमिकॉमच्या आवाजाच्या चिपमध्ये आवाज निघायला पाचच वाटा (चॅनेल): दोन पल्स (चौकोनी लाटेचा सूर), एक ट्रँगल (त्रिकोणी लाटेचा सूर), एक नॉइज (नुसती खरखर) आणि एक रेकॉर्ड केलेल्या आवाजांसाठी. पल्स आणि ट्रँगलच्या वाटेवर एका वेळी एकच सूर. म्हणून पल्सवर चाल आणि साथ, ट्रँगलवर खर्ज, नॉइजवर ताल. उडी किंवा गोळीचा आवाज आला की त्याची वाट तेवढ्यापुरती संगीताकडून जाते. तरी चाल मोडू नये अशी ती बांधावी लागते. जपानी संगीतकार कोजी कोंडो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं संगीत याच मर्यादेत केलं. त्याची मुख्य धून २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली.

तुकडा फिरतो हे खरं, आणि कसब त्यातच आहे. सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती सेकंदांचा ते माहीत असतं. गेमच्या संगीतकाराला नसतं; एक खेळाडू दारातून दहा सेकंदांत जाईल, दुसरा तिथेच वीस मिनिटं अडकेल. गोंधळात आख्यान रंगेल तसा संबळ चढतो, तसंच इथे करावं लागतं, फक्त वाजवणारा समोर नसतो. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चारच स्वर आहेत, पण शत्रू कमी होतील तशी त्यांची लय वाढत जाते आणि खेळणाऱ्याचा हात घाईला येतो. आज त्यासाठी संगीताचे थर करतात: शांत थर, तणावाचा थर, लढाईचे ढोल. सगळे एकाच क्षणी सुरू होतात आणि प्रसंगानुसार एकेकाचा आवाज वर येतो. एक थर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत आणि दुसरा ११८ च्या, एवढ्या फरकाने काही आवर्तनांत सम सुटते.

बंद करण्याचं म्हणाल, तर गोळीबाराच्या गेममध्ये पावलांचा आवाज ऐकायला संगीत बंद करतात. ती त्या प्रकारची गरज. त्यावरून सगळ्याच गेमसंगीताची किंमत ठरत नाही.

राहिला उपयोगाचा मुद्दा, आणि हाच सगळ्यात चुकीचा आहे. सम आणि आवर्तन ज्या लेकराच्या अंगात मुरलंय, त्याला लूप, म्हणजे गेमचा तो फिरणारा तुकडा, वेगळा शिकवावा लागत नाही. केहरव्याच्या ८ मात्रा, मिनिटाला १२० च्या लयीत, म्हणजे बरोबर ४ सेकंद, ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं) १,७६,४०० सॅम्पल, म्हणजे तेवढी मोजमापं. कानात मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं साधन) लावून सलग तीन आवर्तनं वाजवा आणि ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मधलं तेवढं समेपासून समेपर्यंत कापा. पहिलं घेतलं तर सुरुवातीला आधीची गुंज नसते, म्हणून तुकडा फिरताना सांधा कळतो. पडद्यावर दिसणारी आवाजाची लाट मधल्या शून्य रेषेवर असेल तिथेच कापा, नाहीतर ‘टक्’ वाजतं. एमपीथ्रीत सेव्ह करू नका. तो दोन्ही टोकांना थोडी शांतता जोडतो आणि दर फेरीला ताल अडखळतो. वेव्ह किंवा ओजीजी ठेवा.