सगळं आलबेल आहे

आमच्या डेस्कटॉपचा स्वतःवर फार विश्वास. इंटरनेट गेलं म्हणून उपकरणांची यादी दाखवणारा विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडला, नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या, म्हणजे नेटला जोडणाऱ्या कार्डाच्या, प्रॉपर्टीज पाहिल्या, तर तिथे ठणठणीत प्रकृतीचा दाखला: 'हे उपकरण व्यवस्थित चालू आहे.' एक पान उघडेना, कोपऱ्यातल्या पृथ्वीच्या गोळ्यावर फुली, पण उपकरण व्यवस्थित!

त्याच राउटरवर मोबाइल मजेत चालला होता, म्हणजे राउटर निर्दोष सुटला. केबल बदलून पाहिली. उरला ट्रबलशूटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा दोषशोधक. हे गृहस्थ हिरवी पट्टी सरकवत बराच वेळ 'समस्या शोधत आहे' म्हणाले, समस्या सापडली नाही असं जाहीर केलं आणि वर माझ्याकडे अभिप्राय मागितला. तो मी तोंडी दिला.

मग पुतण्याला फोन लावला.

"काका, १२७.०.०.१ ला पिंग मारा, म्हणजे हाक मारून बघा ओ येते का."

मारला. एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर! मी हरखलो.

"तो तुमचाच कॉम्प्युटर आहे, काका. स्वतःलाच हाक मारून स्वतःच ओ देतोय. आता आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता दिसेल. तो १६९.२५४ ने सुरू होतोय का?"

होत होता. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोज थोडा वेळ वाट बघतं आणि या मालिकेतला एक पत्ता स्वतःच घेऊन मोकळं होतं. म्हणजे पत्ता स्वतःचा स्वतः घ्यायचा, हाकेला स्वतःच ओ द्यायची, प्रकृतीचा दाखलाही आपणच लिहायचा. अशा प्राण्याला बाहेरच्या जगाची गरजच काय?

'अपडेट ड्रायव्हर' दाबलं. ड्रायव्हर म्हणजे उपकरण कसं चालवायचं हे विंडोजला सांगणारा प्रोग्राम. सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे, असं उत्तर आलं. तारखेवरून काही कळेल म्हणून इतर उपकरणांचेही ड्रायव्हर उघडून पाहिले, तर कीबोर्डचा निघाला २१ जून २००६ चा. माझा कीबोर्ड इतका जुना नाही. पुतण्या म्हणाला, ती तारीख मुद्दाम घातलेली असते. विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर जुनी तारीख असली की कंपनीचा खास ड्रायव्हर नवा ठरतो आणि त्याला मान मिळतो. इंटेलने तर चिपसेटच्या, म्हणजे मदरबोर्डावरच्या मुख्य चिपांच्या, फाइलींवर १८ जुलै १९६८ घातली होती, म्हणजे कंपनीचा स्थापना दिवस. जन्मतारखेच्या बाबतीत इतका विनय, आणि दाखला देताना मात्र 'व्यवस्थित चालू आहे'!

शेवटी ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला. आता पिवळा त्रिकोण उगवला. कोड १०: हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. मला आनंद झाला. निदान कबुली तरी मिळाली! उपकरणाचा हार्डवेअर आयडी, म्हणजे बनवणारी कंपनी (व्हेन) आणि मॉडेल (डेव्ह) सांगणारा क्रमांक, कागदावर उतरवला, मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट डेस्कटॉपला दिलं, कंपनीच्या साइटवरून नेमका ड्रायव्हर उतरवला, बसवला. कोड १०.

"काका, पूर्ण बंद केला का?"

"रोज रात्री करतो."

"तो शटडाउन खोटा असतो. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज ड्रायव्हरसकट आपलं अर्धं मन डिस्कवर लिहून झोपतं आणि सकाळी तेच वाचून उठतं. त्यापेक्षा रीस्टार्ट खरा. पण तुमचं कार्डच अडकलंय. त्याला बंद अवस्थेतही थोडी वीज मिळत राहते."

मी मशीन बंद करून मागे वाकून पाहिलं. खरंच, सगळं अंधारात, आणि नेटची केबल लागते त्या लॅन पोर्टावरचा दिवा तेवढा मिचमिचत होता! नेटवर्कवरून कोणी हाक मारली तर कॉम्प्युटरला उठवायची सोय म्हणे. दिवसभर आमच्या हाकेला न उठणारा हा प्राणी परक्या हाकेसाठी रात्रभर जागा.

भिंतीतून प्लग उपटला. पॉवरचं बटण दाबून धरून उरलीसुरली वीजही काढून घेतली. पुन्हा जोडलं, आणि नेट आलं. लगेच पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या ओळीपुढची टिक काढली, फास्ट स्टार्टअपही घालवला.

आता जोडणीचं नाव 'इथरनेट ३' दिसतं. पहिली दोन कुठे गेली, हे 'हिडन डिव्हाइसेस' उघडलं की कळतं म्हणे, तिथे जुनी अ‍ॅडॉप्टरं फिकट चेहऱ्याने बसलेली असतात. त्यांना कायमचं हाकलून द्या, असा पुतण्याचा आग्रह आहे. नेट चालू असेपर्यंत तरी मी त्या बाजूला फिरकणार नाही.