‘किलोमीटर वाढवा’ म्हणणाऱ्या मेसेजला सोलापुरातून उत्तर

गेला महिनाभर आमच्या पळणाऱ्या मंडळींत एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, एकाने तर ‘खास तुझ्यासाठी’ असं लिहून. सार असं: लांब पल्ल्याच्या ट्रेल, म्हणजे डोंगरवाटांवरच्या शर्यतीची तयारी करताना प्रगती थांबली, तर तुम्ही आळस करताय. किलोमीटर वाढवा, दर वेळी जीव काढून पळा, उन्हात पळा, उपाशीपोटी पळा. शेवटी टोमणा: सपाट गावातल्यांनी डोंगराच्या नादी लागू नये.

जानेवारी ते एप्रिल मी स्वतः असाच अडकलो होतो. त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘किलोमीटर वाढवा, आठवड्याला 10 टक्क्यांच्या आत वाढवलं की दुखापत होत नाही.’ मी नेमकं हेच केलं. आठवड्याचे 45 किलोमीटर 65 वर नेले. हिप्परग्याच्या तलावाला जाऊन यायची वेळ जागची हलली नाही, पोटऱ्या मात्र सकाळी उठताना ओढू लागल्या. पळताना शरीर झिजतं, भरून निघतं ते झोपेत आणि सुट्टीच्या दिवशी. मी झीज वाढवली, झोप होती तेवढीच ठेवली. राहिला 10 टक्क्यांचा नियम. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर झालेली एक चाचणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 10 टक्क्यांच्या हिशेबाने हळूहळू वाढवणारे आणि त्याहून भराभर वाढवणारे, दोन्हीकडे साधारण पाचातला एक जण जायबंदी झाला. आता मी दर चौथ्या आठवड्याला 40 वर उतरतो. तेवढ्यानं पोटऱ्या गप्प झाल्या.

‘हळू पळणं म्हणजे वेळ वाया.’ या एका वाक्यानं माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. माझं रोजचं पळणं एकाच चवीचं झालं होतं: हळू म्हणावं तर दम लागायचा, जोरात म्हणावं तर घड्याळ हसायचं. 50 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत माझ्यासारखा माणूस आठ-नऊ तास पायांवर असतो. तिथं लागणारी ताकद, म्हणजे स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि चरबी जाळायची क्षमता, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश पळण्यातही वाढते, आणि दुसऱ्या दिवशी पाय ताजे राहतात. स्टीफन सायलर या अभ्यासकाने अव्वल धावपटू, स्कीपटू, नौकापटूंचा सराव तपासला, तेव्हा साधारण 80 टक्के सत्रं हलकीच निघाली. आता पार्क मैदानावर भरभर चालणारे काका मला मागे टाकतात. टाकू देत.

‘उन्हात पळा, कणखर व्हाल.’ हे अर्धं खरं आहे. 10 ते 14 दिवस बेताबेताने उष्णतेची सवय केली तर रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो. पण त्यासाठी तासाभराचं हलकं पळणं पुरतं, 40 च्या पुढचा पारा अंगावर घ्यायची गरज नाही. मेसेजवाल्यांच्या ध्यानात न आलेली गोष्ट वेगळीच. जानेवारीत आपल्याकडे पहाटे 15-16 अंश असतं, एप्रिलअखेर पहाटेच 25. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, मग त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. मी एप्रिलचं घड्याळ जानेवारीशी ताडून रडत होतो. माझी निम्मी ‘थांबलेली प्रगती’ हा नुसता सोलापूरचा उन्हाळा होता.

उपाशीपोटी पळण्याबद्दल थोडक्यात. शर्यतीत ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटाला पेलावी लागतात, एका केळ्यात साधारण 25. ही सवय रविवारच्या लांब पळण्यातच लागते. आणि महिनोन्‌महिने थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा आटलेला असू शकतो.

आता तो टोमणा. सपाट गाव, कबूल. सिंहगड-राजगड-तोरणा अशा वाटेवर चढापेक्षा उतारच मांड्या फोडतो. उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत ताणला जातो, आणि सपाटीवर कितीही पळा, तो मार मिळत नाही. पण त्याला डोंगरच लागतो असं कुणी सांगितलं? आमची इमारत चार मजली. एका फेरीला साधारण 12 मीटर चढ, तेवढाच उतार. 50 फेऱ्या म्हणजे 600 मीटर. पहिल्या दिवशी 20 च केल्या. वॉचमन म्हणाला, “काय ओ साहेब, लिफ्ट बंद हाय का?” तिसऱ्या दिवशी संडासात बसताना नळाला धरावं लागलं. पंधरा दिवसांनी पुन्हा 20 केल्या, तर नळाची गरज पडली नाही. उताराचा मार एकदा खाल्ला की स्नायू काही आठवडे तो लक्षात ठेवतो.

शिवाय महिन्यातून एकदा तुळजापूरचा घाट आहेच. कोजागरीला इथून हजारो माणसं रात्रभर चालत 45 किलोमीटरवरचं तुळजापूर गाठतात, घाट शेवटी, पाय गळाल्यावर. त्यांना आई भवानीनं सपाट गावचे म्हणून माघारी धाडल्याचं ऐकिवात नाही.

जिना चालूच आहे. आता फेऱ्या वॉचमनच मोजतो. परवा घामानं डोळे चुरचुरत होते, तेवढ्यात खालून आवाज आला, “साहेब, अडतीस झाल्या. बारा राह्यल्या.”