दिवाणजींनी काल काय बदललं?

आमच्या मामांचा सावद्याला केळीचा धंदा आहे आणि मला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं, या दोन गोष्टी एकाच खानदानात जमून आल्या हेच माझं दुर्दैव. मागच्या मे महिन्यात, बाहेर ४५ डिग्री आणि कूलरमध्ये पाणी ओतून ओतून हात दुखून राहिले होते, तेव्हा मामा म्हणाले, "ऑफिसातला सगळा हिशोब रोज रात्री तुझ्या भुसावळच्या घरी पाठवत जा, इथं लाईटचा काही भरवसा नाही." म्हटलं मामा, सगळा नको, जे बदललं तेवढंच पाठवू. "मग तेवढंच पाठव, त्यात काय अवघड?"

अवघड हेच की काय बदललं ते ओळखायचं कसं. आमची आई चार दिवस गावाला जाऊन आली तरी स्वयंपाकघरात पाय टाकताच तिला कळतं की कळण्याच्या पिठाच्या डब्यावर भलतंच झाकण बसलंय. कॉम्प्युटरला एवढी अक्कल नसते.

आधी आरसिंक लावलं, म्हणजे दोन ठिकाणच्या फाईली ताडून फरक तेवढा पाठवणारा प्रोग्रॅम. सरळमार्गी गडी, एकेका फाईलपाशी जाऊन साईज आणि शेवटच्या बदलाची वेळ बघतो, दोन्ही जुळलं की पुढं. पण आमच्याकडे फाईली तीन लाख (वजनकाट्याच्या पावतीचे फोटो, एका ट्रकचे आठ-आठ, का ते दिवाणजींनाच ठाऊक), त्यामुळे जुन्या डिस्कवर नुसती हजेरी घ्यायलाच तास जायचा. त्यात दिवाणजींनी एका फोल्डरचं नाव बदलून 'जुनी केळी' केलं. झालं! आतलं एक अक्षर हललेलं नाही, पण आरसिंकच्या लेखी जुनं फोल्डर वारलं, नवीन जन्माला आलं, आणि ३८ जीबी रात्रभर बारशाला निघाले.

मग झेडएफएसवर गेलो, म्हणजे डिस्कवर फाईली ठेवायची वेगळी पद्धत. त्यात स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळी सगळ्या फाईली जशा होत्या त्याचा जणू फोटो, क्षणात निघतो, कारण कॉपी काही होतच नाही, बदललेलं सगळं नव्या जागी लिहिलं जातं आणि जुनं होतं तिथंच राहतं. शिवाय डेटाचा प्रत्येक तुकडा कधी लिहिला त्याची नोंद वरच्या पातळीवर असते. वरच्या नोंदीवर कालच्या स्नॅपशॉटनंतरचा शिक्का नसेल तर खाली उतरायचंच नाही. म्हणजे दारात नवीन चपला नाहीत ना, मग पाहुणे आले का म्हणून घरभर कशाला हिंडायचं!

सकाळी झेडएफएस डिफ चालवलं, म्हणजे दोन स्नॅपशॉटमधल्या फरकाची यादी देणारी कमांड. बदललं त्याला एम, नवीन त्याला अधिक, उडवलं त्याला उणे, नाव बदललं त्याला आर. दिवाणजी परत नामकरणाच्या मूडमध्ये होते, पण यावेळी अख्खं बारसं एका ओळीत उरकलं. फक्त फाईलींची नावं देवनागरीत, आणि डिफला देवनागरी छापता येईना, अक्षरांच्या जागी नुसते आकडी कोड. \०३४०\०२४४\०२२५ हा नुसता 'क'. मात्रेचे परत तीन. 'जुनी केळी' म्हणजे मधली मोकळी जागा धरून पंचवीस आकडे. मामा मागून डोकावून म्हणे, "आज भाव एवढा फुटला का?" (नवीन व्हर्जनमध्ये कमांडला एच हा पर्याय लावला की नावं सरळ दिसतात, आमचं जुनं.)

खरं सांगू का, पाठवायला ही यादी लागतच नाही, झेडएफएस सेंडला कालचा आणि आजचा स्नॅपशॉट दिला की मधला फरक ते परस्पर पाठवतं. यादी मामांना हवी होती, दिवाणजींवर लक्ष ठेवायला.

दहा दिवस मस्त चाललं. अकराव्या रात्री भुसावळचं मशीन माल उतरवून घेईना, म्हणे शेवटच्या स्नॅपशॉटनंतर इथं काहीतरी बदललंय. इथं कोण बदलणार? मग आठवलं, दुपारी मामा लग्नाला आले होते, शेवभाजी हाणून माझ्या खोलीत आडवे झाले होते. फोन लावला.

"मी कशालाच हात लावला नाही रे, नुसतं पाहिलं. पावत्या नीट आल्या का तेवढंच."

खोटं नव्हते बोलत. पण फाईल वाचली की वाचल्याची वेळ लिहून ठेवायची झेडएफएसला सवय, आणि लिहिलं म्हणजे बदल झालाच. बॅकअपला चक्क दृष्ट लागली होती.

मशीन मागच्या स्नॅपशॉटवर नेलं, रीडओन्ली केलं (म्हणजे वाचा, पण काही लिहिलं जाणार नाही), राहिलेला माल उतरला. आईनं विचारलं काय झालं होतं, तर मीपण मूर्खासारखं तिला सोप्या भाषेत समजावलं. शनिवारी बघतो तर सीपीयूला लिंबू-मिरची टांगलेली. काढली नाही, असू दे.