981 नव्हे, 978 : लहान भौतिकशास्त्र विभागांबद्दलच्या एका मजकुराला उत्तर

सांगली-साताऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. लहान कॉलेजांतले भौतिकशास्त्र विभाग बंद करून टाकावेत, असं त्यात म्हटलंय. त्यांना परंपरा नाही, तिथले प्रयोग म्हणजे पुस्तकातलं उत्तर जुळवणं, संशोधन शून्य, आणि शिक्षक म्हणजे दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून आलेले. मी सांगली जिल्ह्यातल्या अशाच एका विभागातून बी.एस्सी. झाले. एकेक मुद्दा घेते.

परंपरेचा आधी. सांगलीचं विलिंग्डन महाविद्यालय डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं 1919 साली काढलं. त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली, आणि 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. ज्यांच्या घरात कुणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं अशी मुलं ‘कमवा आणि शिका’मध्ये राबून पदवीधर झाली. या पट्ट्यातल्या कॉलेजांवरचं विद्यापीठ आधी मुंबई, 1949 पासून पुणे, 1962 पासून शिवाजी असं बदलत गेलं. मधल्या काळात सांगली संस्थान विलीन झालं, जिल्हा आधी दक्षिण सातारा आणि 1960 मध्ये सांगली झाला. प्रत्येक वेळी नवा अभ्यासक्रम आला, तो शिकवायला मात्र फळ्यासमोर इथलेच शिक्षक होते. हा इतिहास कुणी छापला नसेल. विभागाचं डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे उपकरणांची जुनी नोंदवही उघडा, त्यात सापडेल.

आता प्रयोगांचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त लागला तो हा.

पहिल्या वर्षी आम्हाला साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढायचं होतं. पुस्तकात 981 सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. आमच्या गटाचं उत्तर 978च्या आसपास आलं, तेव्हा आम्ही गुपचूप एक-दोन वेळा खोडून 981 केलं. सरांनी वही पाहिली, खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “आधी काय होतं ते लिही.” मग त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. पृथ्वी ध्रुवांशी चपटी, विषुववृत्तावर फुगलेली, शिवाय फिरणारी. त्यामुळे विषुववृत्तावर हे मूल्य 978, ध्रुवांवर 983. सांगली साधारण 17 अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. हिशेब केला तर इथलं मूल्य 978.3 येतं. 981 हे आपल्या गावाचं उत्तर नव्हेच.

आणि हा फरक आमच्या जुन्या स्टॉपवॉचला दिसतो का? दिसतो, पण घाम गाळल्यावर. एक मीटर लांबीच्या लंबकाची शंभर आंदोलनं 981 धरली तर 200.6 सेकंदांत व्हायला हवीत, सांगलीत 200.9 लागतात. सगळं भांडण सेकंदाच्या तीन दशांशांचं. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजायची, गोळ्याचा व्यास व्हर्नियर या बारीक मोजपट्टीनं घ्यायचा, झोका लहान ठेवायचा आणि हे सगळं पाच वेळा करायचं. त्या दिवशी आम्ही साडेसहापर्यंत लॅबमध्ये होतो. अटेंडंट मामा किल्ल्या हातात घेऊन दारात उभे होते, त्यांनी एकदाही घाई केली नाही.

उत्तर जुळवणारी मुलं असतात, सह्या ठोकणारे शिक्षकही असतात, मी नाकारत नाही. तसे ते मोठ्या शहरांतही असतात. पण मोजून आलेलं वाचन बदलू न देणारा एक माणूस विभागात असला की वर्षानुवर्षांची मुलं बदलतात.

संशोधनाबद्दल थोडक्यात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग पातळ थरांच्या कामासाठी ओळखला जातो, आणि आसपासच्या कॉलेजांतले शिक्षक ते काम आपापल्या लॅबमध्ये करत आले आहेत. ते जमतं, कारण त्यातल्या रासायनिक पद्धतींना कोटींची यंत्रं लागत नाहीत. कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांच्या गरम द्रावणात काचपट्टी उभी ठेवली की तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर चढतो, सौरघटांत वापरतात तो. लागतं काय, तर बीकर, तापमान राखणारं पाणी आणि धीर. रामन यांनी 1928 मध्ये विखुरलेल्या प्रकाशातला बदल पाहिला तोही पाऱ्याच्या दिव्यानं आणि खिशात मावणाऱ्या वर्णपटदर्शकानं.

राहिला शिक्षकांचा मुद्दा. आम्ही मराठी माध्यमातून आलेलो. इंग्रजी पुस्तकातला ‘टॉर्क’, म्हणजे वस्तू फिरवणारा जोर, कळेना, तेव्हा बाईंनी विचारलं, “जात्याचा खुंटा कडेला का असतो गं? मधे ठोकला तर आजी दळेल का?” वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग सगळ्यांना एकदमच कळलं. दोन भाषांमध्ये उभं राहून असं शिकवणं, दुसरीकडे जागा न मिळाल्याचं काम नव्हे.

आज अनेक विभागांत पदं रिकामी आहेत. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली मंडळी तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबानं राबतात आणि सुट्टी लागली की त्यांचं मानधन थांबतं. विभाग दुबळे झाले असतील तर भरती झाली नाही म्हणून. तो मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी या भरतीबद्दल एक ओळही लिहिलेली नाही.

ज्या ग्रुपवर मला तो आला, तिथे मी माझ्या जर्नलचं ते पान टाकलंय. वर खोडलेलं 981, खाली पाच वाचनं, सरासरी 200.9 सेकंद, आणि लाल शाईतली सरांची सही.