प्रतिक्रियेला उत्तर : प्रात्यक्षिकांसाठी स्वतःचा सर्व्हर कशाला?

सप्रेम नमस्कार.

मोठ्या कंपन्यांच्या सेवा फुकट मिळत असताना महाविद्यालयाने स्वतःच्या सर्व्हरचा खटाटोप का करावा, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात वीज गेली की तो सांभाळणार कोण, हा आपला आक्षेप मी काळजीपूर्वक वाचला. ऑनलाइन व्याख्यानांपुरता तो मला मान्य आहे. बिगब्लूबटन ही ऑनलाइन वर्ग भरवण्याची मुक्त प्रणाली स्वतः चालवायची तर निर्मात्यांच्याच शिफारशीनुसार ८ कोअर आणि १६ जीबी मेमरीचे यंत्र लागते, शिवाय भरवशाचे वेगवान इंटरनेटही; आठवड्याच्या मोजक्या तासांसाठी लहान महाविद्यालयाने या खर्चात पडू नये, असेच मीही म्हणेन.

संगणकाच्या प्रात्यक्षिकांचे मात्र तसे नाही. उमरेड किंवा काटोलहून एसटीने ये-जा करणारा विद्यार्थी प्रयोगशाळेला कुलूप लागले की सरावाला मुकतो, आणि घरी बहुधा मोबाइलच असतो. अपाची ग्वाकामोले ही मुक्त प्रणाली सर्व्हरवर बसवली, की विद्यार्थ्याने ब्राउझरमध्ये पत्ता टाकून लॉगिन करायचे; प्रयोगशाळेतल्या संगणकाचा डेस्कटॉप त्याच्यासमोर उघडतो आणि मोबाइलवर काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. लिनक्स या संगणक प्रणालीच्या कमांड शिकवायच्या असतील तर एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून देणाऱ्या पद्धतीने) नुसते टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करण्याची खिडकी, द्यावे, त्याला डेटा अगदी थोडा लागतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठी ज्युपिटरहब (ज्युपिटर या ब्राउझरमधल्या कोड लिहिण्याच्या वहीची, अनेकांनी एकत्र वापरायची व्यवस्था) अधिक सोयीचे आहे, कारण प्रोग्राम सर्व्हरवर चालतो, मोबाइलवर फक्त त्याचे पान दिसते, आणि एखाद्याच्या चुकलेल्या लूपने (प्रोग्रामच्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाने) साऱ्या वर्गाचे काम अडू नये म्हणून प्रत्येकाला मेमरीची मर्यादा घालता येते. मोबाइलवर कोड टाइप करणे जिकिरीचे आहे, हे खरेच. म्हणून ग्रंथालयाने पुस्तकांबरोबर ब्लूटूथ कीबोर्डही घरी द्यावेत, असे मला मनापासून वाटते.

वीज गेली तर यूपीएसच्या आधारे सर्व्हर रीतसर बंद व्हावा, एवढी तजवीज पुरे. सराव तेवढा वेळ थांबेल, पण ज्युपिटर अधूनमधून काम आपोआप जतन करत असल्याने केलेले सगळे वाया जात नाही. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा सर्व्हरच्या खोलीला एसी लागतोच, आणि तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

फुकट सेवांच्या अटी बदलतात, हेही लक्षात घ्यावे. गूगलने २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करण्याचे जाहीर केले आणि संस्थेमागे १०० टीबीची मर्यादा आणली. तो त्यांचा अधिकार आहे. परंतु विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षांची कामे कुठे ठेवायची, हा निर्णय महाविद्यालयाच्या हाती असावा, असा माझा आग्रह आहे.

‘सांभाळणार कोण’ हा आपला प्रश्न सर्वांत वजनदार आहे. किमान दोन माणसांना ही व्यवस्था येत नसेल आणि बॅकअप परत उतरवून पाहण्याची शिस्त नसेल, तर यात पडूच नये. ती माणसे असतील, तर सुरुवात एका वर्गापुरत्या ज्युपिटरहबने करावी, आणि ग्वाकामोले बाहेरून खुले करण्याआधी एचटीटीपीएस (ब्राउझर व सर्व्हरमधली माहिती सांकेतिक करून पाठवणारी जोडणी) व लॉगिनची दुहेरी पडताळणी न चुकता लावावी.