सरड्याची धाव काचेपर्यंत

ज्यांच्या घरी कुणाचा तरी पाळीव सरडा चार दिवसांसाठी मुक्कामी येणार आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. मागच्या महिन्यात नांदेडच्या लग्नाला जाताना मी माझा बेअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा, परभणीला ताईकडे ठेवला होता. तिथे दाजींनी जे प्रयोग केले, त्यांतूनच हे ज्ञान हाती आले आहे.

सर्वप्रथम, त्याची काचपेटी मांजराच्या बसण्याच्या जागेशेजारी ठेवावी. हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला आणि एकट्याने राहणारा. त्याला सोबत नको का? मांजर काचेला नाक लावून बसले, की तो अंग चपटे करतो, गळ्याखालची दाढी फुगवून काळी करतो आणि जबडा उघडतो. याला ओळख वाढणे म्हणावे. पुढे तो एक पाय उचलून हवेत सावकाश गोल फिरवू लागतो. दाजींनी त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: ‘मनीला टाटा करतोय बघा!’ वास्तविक हा पाय फिरवणे म्हणजे बलवानापुढे पत्करलेली शरणागती असते; पण त्यावर हसणारे चेहरे इतके आले, की सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचे पाय काचेवर सारखे खरडत असेल, तर व्यायाम समजावा.

लव्हबर्ड्सचा पिंजरा पेटीच्या बरोबर वर टांगावा. सरड्याच्या टाळूवर तिसरा डोळा असतो; त्याला आकृती दिसत नाही, परंतु उजेड आणि सावली कळते, आणि वरून झेपावणाऱ्या पक्ष्याची चाहूल त्याला त्यातून लागते. पिंजऱ्यात फडफड झाली, की दर वेळी त्याला घार आल्याचा अनुभव मिळतो. (पिंजऱ्यात आपला हिरवा पोपट असेल, तर आधी वकील पाहावा, १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार तो पाळताच येत नाही.)

न खाल्लेले किडे रात्रभर पेटीतच राहू द्यावेत. ते सरड्यालाच चावतात, त्यामुळे त्याला करमते.

आणि कुणी विचारलेच, तर दाजींसारखे सांगावे, “काही त्रास नाही हो त्याचा, गुमान पडून असतो.” गुमान! त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. खाल्लेले पचवण्यासाठी त्याला दिव्याखाली ४० अंशांच्या आसपास शेकावे लागते. तुमचे मांजर नेमके दिव्याच्या बाजूला ठाण मांडून बसले होते, म्हणून तो चारही दिवस पेटीच्या थंड कोपऱ्यात, वाळक्या लाकडामागे दडून राहिला. कोथिंबिरीचे एक पानही त्याने खाल्ले नाही. बाहेरचा सरडा निदान कुंपणात तरी शिरतो. याने पळून कुठे जावे? दाजी, पेटीवर मी स्वतः चिठ्ठी चिकटवली होती: ‘मांजर, पक्षी दूर ठेवावेत.’ तिच्यावर तुम्ही दूधवाल्याचा हिशोब लिहिलात. मांजराने एकदा झाकण सरकवून त्याची शेपटी तोडली असती, तर ती पालीसारखी पुन्हा फुटली नसती, आणि मांजराच्या दातांतून होणारा संसर्ग तर त्याचा जीवच घेऊ शकतो. चिठ्ठी वाचायला किती वेळ लागला असता तुम्हाला?

आता तो दोन दिवसांपासून थोडे थोडे खाऊ लागला आहे. ताईच्या धाकट्या नणंदेच्या लग्नाला मी येणार नाही. आहेर पाठवून देईन.