एमएच १७ : मेलेली माणसे रेडिओवर उत्तर देत नाहीत

दांडियाबाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याचा नातू पुढील महिन्यात ॲमस्टरडॅममार्गे शिकायला निघणार आहे. परवा तिने मोबाइल माझ्यापुढे धरून विचारले, "त्या मलेशियाच्या विमानातली माणसं आधीच मेलेली होती म्हणे, खरं का रे?" तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या त्या संदेशात एमएच १७, म्हणजे २०१४ साली पूर्व युक्रेनवर पाडल्या गेलेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या प्रवासी विमानाविषयी चार दावे होते. विमानात प्रेते भरलेली होती आणि ते विमान म्हणजे त्याआधी चार महिने नाहीसे झालेले मलेशियाचेच दुसरे विमान एमएच ३७० होते. ते युक्रेनच्या लढाऊ विमानाने पाडले. खरा नेम आपल्या पंतप्रधानांच्या विमानावर होता. आणि युक्रेनने आकाश मुद्दाम उघडे ठेवले. हा मजकूर बडोद्यात मी यापूर्वीही अनेकदा पाहिला आणि सोडून दिला. आता तो घरात शिरला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

प्रेतांचा दावा सर्वांत किळसवाणा आहे, म्हणून आधी तोच घेतो. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले हे विमान पूर्व युक्रेनवर पाडले गेले, तेव्हा त्यात २९८ माणसे होती. त्यांपैकी ८० मुले होती आणि १९६ जण नेदरलँड्सचे नागरिक होते. ही प्रेते "ताजी नव्हती" असे सर्वप्रथम कोणी सांगितले, तर दोनेत्स्कमधील रशियाधार्जिण्या बंडखोरांचा सेनानी इगोर गिर्किन याने, घटनेनंतर लगेचच. त्याच गिर्किनला १७ नोव्हेंबर २०२२ रोजी हेगच्या जिल्हा न्यायालयाने आणखी दोघांसह या २९८ जणांच्या हत्येसाठी दोषी ठरवले आणि त्याच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली. चौथ्या आरोपीला याच न्यायालयाने निर्दोष सोडले, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला होता, ही ओरडही फारशी टिकत नाही. ज्याच्यावर खून शाबीत झाला, त्याचीच सबब आपण श्रावणातल्या भजनांच्या वेळापत्रकाखाली एकमेकांना पाठवत आहोत.

ज्यांना न्यायालय नको असेल, त्यांनी अपघातांची चौकशी करणाऱ्या नेदरलँड्सच्या डच सुरक्षा मंडळाचा १३ ऑक्टोबर २०१५ रोजी प्रसिद्ध झालेला अहवाल पाहावा. पुढचे बहुतेक मुद्दे मी त्याच्याच आधारे मांडतो आहे. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ५० मिनिटे ३ सेकंदांनी ब्लॅक बॉक्सचे ध्वनिमुद्रण तुटते, आणि त्याच्या अवघे काही सेकंद आधी वैमानिक युक्रेनच्या हवाई नियंत्रकाला मार्गाविषयी नेहमीच्या स्वरात उत्तर देत होते. कॉकपिटमधील कर्मचाऱ्यांच्या शरीरांत पोलादाचे तुकडे सापडले, आणि त्यांतील काहींवर कॉकपिटच्या काचेचा व विमानाच्या ॲल्युमिनियमचा थर होता. म्हणजे ते तुकडे बाहेरून काच आणि पत्रा भेदून आत आले. २९८पैकी २९६ जणांची ओळख पुढे पटली. उरलेल्या दोन डच कुटुंबांच्या हाती तेवढेही लागले नाही, आणि त्यांच्याविषयी हा संदेश "भाड्याची प्रेते" असा शब्द वापरतो. एमएच ३७०चे म्हणाल, तर त्याचा नोंदणी क्रमांक ९एम-एमआरओ होता आणि या विमानाचा ९एम-एमआरडी. हे दुसरे विमान १७ जुलै १९९७ रोजी प्रथम उडाले होते, आणि बरोबर सतरा वर्षांनी, त्याच तारखेला पडले. योगायोगच हवा असेल तर हा खरा आहे.

लढाऊ विमानाच्या दाव्यावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. संदेशातले सुखोई-२५ हे जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करण्यासाठी बनवलेले विमान असून त्याची कार्यकक्षा सुमारे सात किलोमीटर उंचीपर्यंतची आहे, तर प्रवासी विमान ३३,००० फुटांवर, म्हणजे दहा किलोमीटरवर होते. शिवाय सापडलेल्या तुकड्यांत काही डमरूच्या आकाराचे होते, आणि असे तुकडे बुक या जमिनीवरून विमानांवर डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्राच्या विशिष्ट स्फोटकशीर्षात भरलेले असतात. खुद्द बुक बनवणाऱ्या अल्माझ-आंतेय या रशियन कंपनीने २०१५ साली विमान बुकनेच पडले असे जाहीर केले. तिचा वाद फक्त ते कोठून सुटले याविषयी होता. नेदरलँड्ससह अनेक देशांच्या तपास यंत्रणांच्या संयुक्त तपास पथकाने मात्र ती यंत्रणा रशियाच्या कुर्स्क येथील ५३व्या हवाई संरक्षण ब्रिगेडची असल्याचे २०१८ साली दाखवून दिले.

पंतप्रधानांचा मुद्दा आपल्या शहरात अधिक चालतो, याचे कारण उघड आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते बडोद्यातूनही निवडून आले होते. ब्राझीलहून परतताना त्यांचे विमान त्या दिवशी फ्रँकफर्टहून दिल्लीकडे येत होते, एवढे खरे आहे; परंतु एखादे विमान त्याच दिवशी त्याच खंडावरून जात होते, यावरून नेम त्याच्यावरच होता हे सिद्ध होत नाही. त्या संध्याकाळी गिर्किनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजमाध्यमावरील पानावर युक्रेनचे एएन-२६ मालवाहू विमान पाडल्याची फुशारकी झळकली आणि नंतर ती काढून टाकण्यात आली. न्यायालयानेही हल्लेखोरांना ते लष्करी विमान वाटले असण्याचीच शक्यता धरली.

राहिला चौथा मुद्दा, आणि येथे मला नाइलाजाने थोडे मान्य करावे लागते. "मुद्दाम" या शब्दाला कोणताही आधार नाही. परंतु १४ जुलै रोजी साडेसहा किलोमीटर उंचीवरून जाणारे एक लष्करी विमान पाडले गेल्यावरही युक्रेनने ३२,००० फुटांखालचेच आकाश बंद केले, आणि वरचे पूर्ण बंद करण्यास पुरेसे कारण होते, असे डच अहवालच स्पष्ट सांगतो. विमान कंपन्यांनीही ते धोक्याचे मानले नाही. त्या एका दिवसात आकाश बंद होईपर्यंत १६० प्रवासी विमाने त्या भागावरून गेली. घटनेच्या वेळी एमएच १७ खेरीज आणखी तीन प्रवासी विमाने त्याच नियंत्रण विभागात होती, आणि त्यांपैकी एक दिल्लीहून बर्मिंगहॅमला जाणारे एअर इंडियाचे होते. त्याचा उल्लेख संदेशात कोठेही नाही.